दोनपेडी पीळ

लातूर, 18 मे

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. मनूचे केस फार गुंततात आणि सासूबाई ‘पोरीला जट धरतीय’ म्हणतात, हे वाचून जीव खालीवर झाला. आमच्या आत्याची जट तू पाहिलेली आहेस. देवीची म्हणून कुणी कात्री लावू दिली नाही, मान दुखून दुखून गेली बिचारी. अगं, विंचरणं सुटतं, घाम, तेल, धूळ बसते आणि केस एकमेकांत घट्ट होतात, एवढीच जट. मनूचं तिथवर जाऊ द्यायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुरळा केस मुळापासूनच वळत येतो. टाळूचं तेल शेंड्यापर्यंत उतरत नाही, शेंडे कोरडे पडतात आणि शेजारच्या केसाला धरून बसतात. पोरीची काही चूक नाही. तिला रागावू नकोस.

मी माझ्या केसांना दोनपेडी पीळ घालते, त्याला ट्विस्ट म्हणतात. ही रीत आफ्रिकी वंशाच्या बायकांची. त्यांचे केस आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट वळणाचे. असे केस ठेवले म्हणून त्यांच्या मुलींना शाळेत, बायकांना कामावर त्रास झाला. शेवटी 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मनूलाही हे सांग.

आधी जवसाचा चीक कर. दोन मोठे चमचे जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेव. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच उतरव आणि गरम असतानाच गाळ. गार झाला की गाळणीतून थेंब उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं शेंड्याकडून वर सोडव. मग बोटाएवढी बट घे, चीक लाव, तिचे दोन पेड कर. प्रत्येक पेड उजवीकडे पिळायचा आणि दोन्ही एकमेकांवर डावीकडे गुंडाळत न्यायचे. आबा ओसरीवर अंबाडीचा दोर वळायचे, तसंच. उलट दिशेमुळंच पीळ उकलत नाही. शेंडा बोटाभोवती फिरवून सोड. कानशिलाजवळ मात्र ओढून घट्ट करू नकोस, तिथले केस नाजूक असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतपर्यंत वाळल्याशिवाय पीळ उकलायचा नाही. चुलतबहिणीच्या लग्नात सकाळी वरून हात लावला, कोरडे वाटले, म्हणून उकलले. आतून ओलसर होते. मंगलाष्टकं होईस्तोवर कापसाचं बोंड फुटावं तसं डोकं फुललं, शेवटी आंबाडा घातला. तेव्हापासून रात्री घालते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच हात लावते. उकलताना बोटांना करडीच्या तेलाचा थेंब लावायचा आणि शेंड्याकडून सुरुवात करायची.

पण मनूचे लगेच उकलू नकोस. शाळेला तसेच राहू दे. रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल बांध. सुती उशी ओलावा शोषते, घासतेही. ब्लाऊजच्या अस्तराचा उरलेला तुकडा चालतो. दोन-तीन दिवसांनी पाण्याचा हलका फवारा मार आणि कपाळाजवळचे सैल झालेले तेवढे पुन्हा वळ. आमच्या बोअरचं पाणी फार जड, म्हणून न्हाताना शेवटचे दोन तांबे मी फिल्टरचे घेते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा दहा दिवसांनी एकदा न्हाणं या पिळांवरच निभावलं.

दोन आठवड्यांच्या वर मात्र ठेवू नकोस. रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. ते पिळात अडकून राहतात, म्हणून उकलताना मूठभर हातात येतात. घाबरू नकोस. पण ते काढले नाहीत तर तिथंच गुंता बसतो, आणि सासूबाईंना भीती आहे ती गोष्ट तिथूनच सुरू होते. त्यांना समोर बसवून उकल, एकेक पीळ मोकळा होताना त्यांना पाहू दे.

सुट्टी संपायच्या आत मनूला घेऊन ये. पहिल्या खेपेला मीच घालून देईन, तिला मागचे हाताला लागायचे नाहीत. येताना घरचं जवस आण, इकडच्या दुकानातलं जुनं असतं.

तुझीच,
शोभा