पावसाळ्याआधी या युद्धनौकेवर छप्पर हवं आहे

सर्वांना नमस्कार.

खाडीच्या गाळात एका अंगावर कललेली लांब लाकडी बोट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लोक तिला जुना मचवा समजतात. प्रत्यक्षात ती दुसऱ्या महायुद्धातली, फेअरमाइल बी जातीची मोटर लाँच, म्हणजे ब्रिटिश बनावटीची लहान गस्ती नौका आहे. तिच्या जतनासाठी आमची समिती तुमच्याकडे मदत मागते आहे.

1940 ते 1945 या काळात अशा सुमारे 650 लाँच बांधल्या गेल्या. लांबी 112 फूट, दोन पेट्रोल इंजिनं आणि सगळं अंग लाकडाचं. पोलाद मोठ्या जहाजांना लागत होतं, म्हणून या बोटींचे सांगाडे कारखान्यांतून कापून यायचे आणि लहान गोद्यांमध्ये जोडले जायचे. फर्निचर बनवणाऱ्या सुतारांचे हात त्यात लागले आहेत. पाणबुड्यांचा माग काढणं, मालवाहू ताफ्यांना सोबत करणं, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणं, अशी कामं यांच्याकडे असत. मार्च 1942 मध्ये फ्रान्समधल्या जर्मनांच्या ताब्यातल्या सें नाझेर बंदरावरच्या छाप्यात 16 लाँच गेल्या, त्यातल्या बहुतेक परत आल्या नाहीत. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर रॉयल इंडियन नेव्हीचे आपले खलाशी याच जातीच्या बोटींवर लढले, हे तर आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे. युद्ध संपलं, इंजिनं उतरवली गेली, काही बोटी लोकांनी राहायला घेतल्या आणि बाकीच्या मोडीत गेल्या. आज जगात अशा लाँच बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

आता तिच्या प्रकृतीविषयी. बाहेरून फळ्या बऱ्या दिसतात, पण त्यावर जाऊ नका. हिच्या अंगाला महोगनीचे दोन थर आहेत, एकमेकांना तिरके छेदणारे, आणि दोन्हींच्या मध्ये तेलात भिजवलेलं कापड. पाणी एकदा त्या कापडापर्यंत पोचलं की लाकूड आतल्या आत कुजतं. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, टोचणी दाबली तर ती मुठीपर्यंत आत जाते, वर रंग मात्र शाबूत. तांब्याचे खिळे अजून घट्ट आहेत, त्यांच्याभोवतीचं लाकूडच उरलेलं नाही. खारं पाणी लाकडाला तितकं कुजवत नाही. खरा घात करतं ते डेकवरून झिरपणारं पावसाचं पाणी. त्यातच मधल्या भागाला गाळाचा आधार आहे आणि दोन्ही टोकं अधांतरी, त्यामुळे तळकणा, म्हणजे बोटीच्या तळाचा मुख्य कणा, वाकू लागला आहे. तो एकदा मोडला की नवीन फळ्या ठोकून काही साधणार नाही.

म्हणून आधी इंजिन, तोफा, रंगरंगोटी यांचा विचार आम्ही बाजूला ठेवला आहे. पहिला खर्च छपराचा, दुसरा पाणी उपसणाऱ्या पंपाचा, तिसरा टोकांखाली द्यायच्या टेकूंचा. मग जाणकाराकडून तपासणी, आणि त्यानंतरच बोट उचलण्याची गोष्ट. घाईने बाहेर काढून उन्हात ठेवली तर फळ्या आक्रसून सांधे उघडतील. ताडपत्रीसाठी देणगी मागताना देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही भव्य उभं राहत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आग्रह याच कामाचा आहे.

विक्रांतचं काय झालं ते आपण पाहिलं. 1971 चं युद्ध गाजवलेली ती विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये भंगारात गेली. उलट, 1817 मध्ये मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेलं ट्रिंकोमली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. मोडकळीला आलेल्या त्या जहाजाच्या दुरुस्तीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. लाकडी जहाज वाचतं, फक्त वेळेत हात लागावा लागतो.

देणगी कितीही लहान असली तरी चालेल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला समितीच्या फलकावर लागेल. ज्यांना लाकूडकाम, वेल्डिंग किंवा पंपाचं काम येतं त्यांनी ओहोटीच्या वेळी यावं. गाळात उतरावं लागतं, तेव्हा गमबूट घालून या. जुनं मजबूत लाकूड, वासे, दोरखंड, काहीही पडून असेल तर कळवा, न्यायला आम्ही येऊ. घरात कुणी नौदलात होतं आणि त्यांची पत्रं, फोटो, सेवापुस्तिका जपून ठेवली असतील, तर त्यांच्या प्रती करू द्या. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळतील.

बोटीवर कुणीही एकट्याने चढू नये. डेकच्या फळ्या माणसाचं वजन पेलत नाहीत.

आपली,
नौका जतन समिती