मामा, तुमचं नाव मंचावरून घेतलं गेलं नाही, म्हणून हे पत्र

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

युवक महोत्सव संपून आपलं पथक गावी आलं, त्याला बरेच दिवस झाले. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आपली वेळ आली तेव्हा निवेदकानं महाविद्यालयाचं नाव घेतलं, 'फोक ऑर्केस्ट्रा' म्हणून कलाप्रकार सांगितला, टाळ्या झाल्या आणि आम्ही वाजवायला लागलो. आम्हाला संबळ शिकवून हा गोंधळ बसवून दिलात तुम्ही, पण तुमचं नाव कुठंच आलं नाही. ते घेण्याची पद्धतच नाही. म्हणून हे पत्र तुमच्या दारी आणून न देता उघड लिहिते आहे. तुम्हाला ते तुमची नात वाचून दाखवील. ती नीट वाचते, आणि मध्येच थांबून प्रश्नही विचारते, तेव्हा वेळ लागेल.

ज्यांनी आपला महोत्सव पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवाला छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं येतात. एकांकिका, मूकनाट्य, पोवाडा, भारूड, जलसा, रांगोळी, व्यंगचित्र, वादविवाद, सगळं एकाच वेळी वेगवेगळ्या मंचांवर चाललेलं असतं. तालुक्याच्या गावातून आलेल्या पोरापोरींना आपल्याएवढ्याच वयाच्या कुणाचं तरी काम पाहून 'हे असंही करता येतं' असं पहिल्यांदा तिथंच वाटतं. मला तो महोत्सव फार प्रिय आहे.

आता त्या नियमाबद्दल. आंतरविद्यापीठ महोत्सवांच्या नियमावलीत फोक ऑर्केस्ट्रासाठी बारापर्यंत विद्यार्थी आणि सोबत तीनपर्यंत व्यावसायिक साथीदार चालतात. साथीदारांचा पोशाख मात्र विद्यार्थ्यांपेक्षा वेगळा हवा आणि त्यांनी विद्यार्थ्यांपासून वेगळं बसायचं, म्हणजे परीक्षकांना कोण कोण ते लगेच कळावं. नियम योग्यच आहे. गुण विद्यार्थ्यांच्या वाजवण्याला मिळायला हवेत, बाहेरून आणलेल्या उस्तादाच्या हाताला नव्हे. तरीही सर तो नियम वाचून दाखवत होते तेव्हा मी तुमच्याकडे पाहत होते. अंगरखा आणि कवड्यांच्या माळा आम्ही घालणार होतो. त्या माळांतली एक तर तुमच्या वडिलांची होती, तुम्हीच पेटीतून काढून दिलेली. आणि खरे गोंधळी असलेले तुम्ही पांढरा शर्ट आणि धोतर नेसून बाजूला बसणार होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "लेकरांच्या अंगावर शोभंल ते." आणि मग प्रत्येकाचा अंगरखा कमरेला कसा बांधायचा ते स्वतः बांधून दाखवत बसलात.

पण मला पहिले आभार मानायचे आहेत ते त्याच्याही आधीच्या एका गोष्टीसाठी. संबळ कोण वाजवणार यावरून पथकात कुजबूज होती. गोंधळात बायका संबळ वाजवत नाहीत, परीक्षकांना खटकेल, असं कुणीतरी म्हणालं. सरही विचारात पडले होते. तुम्ही मला पुढं बोलावलंत, संबळ माझ्या कमरेला बांधलीत आणि म्हणालात, "देवी बाईच हाय ना? मग तिच्यापुढं बाईनं वाजवलं तर बिघडलं कुठं?" पुढं तो विषय कुणी काढला नाही. मामा, तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे फक्त मुलांच्या हातात दिलं गेलं, ते तुम्ही इतक्या सहज माझ्या हातात दिलंत. त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

आणि शिकवलंत कसं! मी तबल्याच्या दोन परीक्षा दिलेली मुलगी, मला वाटलं होतं बोल लिहून घेईन आणि पाठ करीन. तुम्ही वही मिटायला लावलीत. मोठ्या तोंडावर वाकडी काठी, छोट्यावर सरळ. वाकड्या काठीनं मारायचं नाही, ती कातडीवर टेकवून उचलायची, म्हणजे आवाज घुमतो. हे सांगून कळत नाही. तुम्ही माझा हात धरून ते इतक्या वेळा केलंत की मनगटालाच ते समजलं. पावसाळी हवेनं कातडी सैल पडायची, मग तुम्ही शेकोटीजवळ संबळ धरून आवाज ऐकत बसायचात, आणि अजून थोडं, अजून थोडं, असं पुटपुटत तिला स्वरात आणायचात. तुणतुणं वाजवणाऱ्या पोराला तर तुम्ही सुरुवातीला काही वाजवूच दिलं नाहीत. "एकच तार हाय. तिचा आवाज आधी कानात बसू दे, मग गोंधळाला सुरुवात." तो चिडला होता. आज तोच पथकातला सगळ्यात पक्क्या सुराचा मुलगा आहे.

सगळ्यात अवघड काम मात्र वेळेचं होतं, आणि तुमच्या उपकाराचा खरा गाभा मला तिथं दिसतो. गोंधळ रात्रभराचा. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची, तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला गोंधळाला या म्हणून बोलवायचं, मग गण, मग पहाटेपर्यंत आख्यान आणि शेवटी आरती. आमच्या हातात जास्तीत जास्त दहा मिनिटं. त्यातही हा वाद्यांचा प्रकार, म्हणजे गाणं थोडं आणि वाजवणं जास्त. आम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. 'उदे गं अंबे उदे'चा गजर, जोरदार संबळ, शेवटी लय वाढवत नेऊन एकदम थांबणं. टाळ्या हमखास. दरवर्षी कुणी ना कुणी असंच करतं.

तुम्ही हे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "देवांना बोलवताय, मग धाडणार कवा?"

आम्हाला उत्तर सुचेना. तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत. आवाहन कापायचं नाही, कारण बोलावल्याशिवाय गोंधळ होत नाही. आरती कापायची नाही, कारण बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो. कापायचं असेल तर मधलं कापा. मधलं म्हणजे आख्यान. तुमच्या गळ्यातलं, तुमच्या हुकमी यशाचं आख्यान, ज्यासाठी लोक तुम्हाला लांबून बोलावतात. तेच तुम्ही सोडायला सांगितलंत. आणि नुसतं सोडलंही नाहीत. आख्यानात नायक बोलतो आणि साथीदार मध्येच शंका काढतो, ती सगळी देवाणघेवाण तुम्ही संबळ आणि हलगीला वाटून दिलीत. हलगीनं विचारायचं, संबळनं सांगायचं. हलगीनं पुन्हा अडवायचं. शब्द एकही नाही, आणि तरी समोर बसलेल्यांना कुणीतरी गोष्ट सांगतंय असं वाटत राहिलं. नंतर एका परीक्षकांनी आमच्या सरांना मुद्दाम बोलावून विचारलं की हा भाग कुणी बसवला. सरांनी तुमच्याकडे बोट दाखवलं, पण तुम्ही तेव्हा वाद्यं गोणपाटात गुंडाळण्यात गुंतला होतात. तुम्हाला हे अजून कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते.

सरांनी एकदा तालमीत सांगितलं होतं की कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'गोंडली' नावाच्या नृत्याचं वर्णन आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात. तुम्ही म्हणालात, "म्हंजे तवापासून फिरतोय आम्ही." सगळे हसले, तुम्हीही हसलात. मला मात्र ते वाक्य लागलं. कागदावर तुमचा समाज भटक्या जमातींत मोजला जातो. तुमच्या दोन्ही मुलांनी संबळ सोडली, एक पुण्यात गाडी चालवतो. त्यांना दोष देण्याचा हक्क कुणालाच नाही. वर्षातले काही महिनेच बोलावणी येतात, आणि तीही आता लग्नानंतर घाईघाईत उरकलेल्या गोंधळाची.

म्हणूनच हेही इथं लिहून ठेवते. आमच्या तालमी नवरात्राच्या तोंडावर आल्या होत्या. तुमच्या कमाईचे तेच दिवस. त्यातली काही घरं तुम्ही आमच्यासाठी भाच्याकडे सोपवलीत. महाविद्यालयाकडून मिळालेलं मानधन त्याच्या जवळपासही नव्हतं, आणि तुम्ही ते न मोजता खिशात ठेवलंत. हे मला तुमच्या घरून कळलं, तुमच्याकडून नव्हे.

आपला दुसरा क्रमांक आला. ढाल प्राचार्यांच्या दालनात आहे. तिच्यावर महाविद्यालयाचं नाव कोरलेलं आहे, ते तसंच असणार. पण आम्ही सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आणि त्यांनी तो मान्य केला: यंदाच्या वार्षिक अंकात पथकाच्या छायाचित्राखाली सर्वांत आधी तुमचं नाव छापलं जाईल, मार्गदर्शक म्हणून, आणि त्या छायाचित्रात तुम्ही अंगरखा घालून मध्ये असाल. त्यासाठी परत एकदा छायाचित्र काढायचं आहे. वडिलांची माळ मी स्वच्छ पुसून जपून ठेवली आहे, ती तेव्हा तुमच्याच गळ्यात असेल.

इतर महाविद्यालयांतल्या संघांनाही या निमित्तानं एक विनंती करते. तुमच्या पोवाड्यामागं एखादे शाहीर असतील, भारुडामागं गावातले भजनी बुवा असतील, लावणीमागं एखादी ढोलकी असेल. निवेदकाच्या हातात जी चिठ्ठी देता, तिच्यावर त्यांचं नावही लिहा. ते वाचायला काही सेकंद लागतात. आम्ही पुढच्या वर्षी लिहिणार आहोत.

शेवटचं. पहिल्या वर्षाच्या पाच मुलांनी आणि तीन मुलींनी संबळ, तुणतुणं शिकायचं म्हणून नावं दिली आहेत. या वेळी मानधन आधी ठरवून, लेखी आणि दर महिन्याला द्यायचं असं सरांनी कबूल करून घेतलं आहे. शनिवारी दुपारी सभागृह रिकामं असतं. नवरात्र आणि लग्नसराईचे दिवस सोडून तुम्हाला कोणते शनिवार जमतील ते नातीकडून कळवा. तिलाही घेऊन या, तिच्या मापाची छोटी संबळ कुठं मिळेल ते मी शोधते आहे.

तुमची,
संबळवाली