टग कशाला लागतात?

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा बाबांनी विचारलं, "एवढं अजस्र इंजिन असताना जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या त्या चिमुकल्या बोटी, टग, कशाला लागतात गं?" आणि नेमका तेव्हाच फोन कटला. आज वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपवून निवांत बसलेय, म्हणून लिहिते.

आमचं जहाज 366 मीटर लांब. इंजिन त्याला पुढे नेतं नाहीतर मागे, आडवं सरकवू शकत नाही. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच जहाज वळतं; धक्क्याला उभं असताना ते सुकाणू म्हणजे नुसती फळी. पुढच्या बाजूला पाण्याखाली एक आडवा पंखा आहे खरा, पण वेग चार-पाच नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर गेला की त्याचा फारसा उपयोग नाही. त्यात डेकवर रचलेले कंटेनर म्हणजे वाऱ्यासाठी भलीमोठी भिंत. टग असते जेमतेम तीस मीटरची, पण साठ-सत्तर टन ओढते, आणि तिचे पंखे कुठल्याही दिशेला फिरतात, त्यामुळे ती खेकड्यासारखी आडवीही चालते.

पायलट, म्हणजे त्या बंदराचा माहीतगार वाटाड्या, आला की कॅप्टन त्याला जहाजाचा ड्राफ्ट (ते पाण्यात किती खोल बुडालंय), इंजिनाची तऱ्हा, काही बिघाड असेल तर तो, सगळं सांगतो. मग पायलट त्या बंदराचे प्रवाह, वळणं, आज कुठल्या टग आहेत ते सांगतो. बाबा, तुम्ही वाद घालाल म्हणून आधीच सांगते: हुकूम पायलट देत असला तरी जबाबदारी कॅप्टनचीच. पनामा कालवा तेवढा अपवाद.

टगचा दोर घेणं लांबून सोपं दिसतं. वरून बारीक दोरी फेकायची, टगवाले तिला त्यांची जाडी दोरी बांधतात, आपण विंचने वर खेचून खुंट्याला अडकवायचं. त्या वेळी दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. ताणलेला दोर तुटला तर माणूस वाचत नाही. टगवाल्यांची भीती वेगळी: दोर टगच्या कुशीवर आडवा ताणला गेला तर टग कलंडते. म्हणून त्यांच्या हाताशी दोर तत्काळ सोडायची सोय असते.

माझी जागा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, टेलिग्राफपाशी; इंजिनाला वेगाचा हुकूम द्यायचा तो दांडा. पायलट वॉकीटॉकीवर टगवाल्यांशी त्यांच्या भाषेत बोलतो, मला एक अक्षर कळत नाही. खालून टगची एक बारकी शिट्टी येते, म्हणजे 'ऐकलं'. मग धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाण्याची एक काळी पट्टी दिसायला लागते, हातभर, मग दोन हात. इतक्या वेळा पाहिलंय, तरी त्या पट्टीकडे मी बघतच राहते.

वळवून घेतल्यावर 'डेड स्लो अहेड', म्हणजे अगदी हळू पुढे. आमचं सगळ्यात हळू म्हणजेसुद्धा सात-आठ नॉट! टगचा दोर सोडताना तो हळूहळूच उतरवायचा. धपकन टाकला तर टगच्याच पंख्यात जायचा.

आता आईचा प्रश्न, "त्या शेवटपर्यंत बरोबर असतात ना?" खरं सांगायचं तर नाही, आई. सगळीकडे नसतात. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला डाली जहाज पुलाला धडकलं, आठवतं ना? धक्क्यावरून सुटायला टग होत्या, मग नेहमीप्रमाणे परत गेल्या. जहाजावरची वीज गेली ती त्यानंतर. पायलटने टगला हाक मारली, नांगर टाकायला लावला, पूल बंद करायला कळवलं. वाहनं थांबली, पण पुलावर काम करणारे सहा जण गेले. त्या दिवसापासून टगचे दोर सुटले की माझे कान इंजिनाच्या आवाजाकडे असतात. नांगरापाशी आमची माणसं तयार असतातच. घाबरू नकोस, फक्त लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

बाहेर आलो की पायलटला शिडीपर्यंत पोचवायचं काम माझं. शिडी मी आधीच तपासलेली असते, पायरीन् पायरी. नऊ मीटरपेक्षा जास्त उतरायचं असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, वरून तिरका जिनाही सोडावा लागतो. जहाज थोडं वळवून आडोसा केला की पायलट बोट त्या बाजूला चिकटते. कालचा पायलट बाबांच्याच वयाचा असेल. दोन्ही हातांनी कठडा धरून त्याने एकदा खाली पाहिलं, बोट लाटेवर वर आली तसा बरोबर पाय टाकला, आणि वळून हात केला.

मग लॉगमध्ये, जहाजाच्या नोंदवहीत, वेळ लिहिली, शिडी वर घेतली, पायलट जहाजावर असल्याची खूण असलेला पांढरा-लाल झेंडा उतरवला. तोवर फोनचं नेटवर्क गेलं होतं.

तुमची,
ठमी