ओरखडाही लपवू नका

महोदय,
लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली आणि तो वाचला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही वर्षाला सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात. त्यातली ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले. मूल ओरडा बसेल म्हणून पोटरीवरचा ओरखडा लपवते. मोठी माणसेही जखम नळाखाली दोन सेकंद धरून मोकळी होतात! ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, घड्याळ लावून. मग लगेच लस. त्वचा फाटून रक्त आले असेल तर अँटी-रेबीज सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. पाण्याची धास्ती वाटू लागली की उपचार जवळपास हरलेले असतात.

माणसांना होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यांकडूनच येतो. त्यामुळे सत्तर टक्के कुत्र्यांना नेमाने लस दिली की साखळी तुटते. कुत्री मारून ती तुटत नाही, हे कटू वाटले तरी खरे आहे. मेक्सिकोने मुख्यतः कुत्र्यांच्या लसीकरणाच्या जोरावर कुत्र्यांकडून येणाऱ्या रेबीजचे मृत्यू थांबवले आणि २०१९ मध्ये तशी अधिकृत मान्यता मिळवली. २०३० पर्यंत असे मृत्यू शून्यावर आणण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. त्यासाठीचा पैसा मात्र माणसांच्या इंजेक्शनांवर खर्च होतो, कुत्र्यांच्या लसीला हात आखडता.
– एक वाचक