कॅटमरानचे दुखणे रंगाखाली झाकू नये

महोदय,

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही जलवाहतूक बंद असते आणि याच काळात बोटींची डागडुजी उरकली जाते. ज्या जुन्या कॅटमरानचे (दोन तळ जोडून बनवलेल्या बोटींचे) तळ फायबरग्लासचे आहेत, त्यांच्याबाबतीत मात्र हे ‘उरकणे’ धोक्याचे आहे. जेलकोटवर (तळाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) आलेले फोड हे निव्वळ रंगाचे दुखणे नसते. पाणी आत झिरपल्याची ती खूण असते. दोन तळांना जोडणाऱ्या भागाच्या सांध्यांवर तिरक्या लाटांचा पीळ बसतो आणि तिथे लहान हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर थर सुटले असण्याची किंवा आतला गाभा भिजला असण्याची दाट शंका घ्यावी.

अशा जागी पुट्टी भरून रंग मारणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत. खराब भाग घासून काढावा, कडा जाडीच्या साधारण 12 पट लांबीच्या उताराने निमुळत्या कराव्यात आणि त्यावर काचतंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सी या राळेने चढवावेत, कारण जुन्या थराला इपॉक्सी पॉलिएस्टर राळेपेक्षा घट्ट धरते. कार्बन फायबरचा मोह (तो हल्ली फारच वाढला आहे) सहसा टाळावा. तो काचतंतूंपेक्षा कितीतरी ताठ असल्याने भार स्वतःकडे ओढतो आणि त्याच्या पट्टीच्या टोकाशी नवी चीर पडू शकते.

खरी अडचण कोकणातल्या दमट हवेची आहे. भिजलेला तळ पावसाळ्यात वाळत नाही आणि ओलीवर चढवलेला थर टिकत नाही. म्हणून बंदिस्त, कोरड्या शेडशिवाय अशी कामे होऊ देऊ नयेत आणि रंगापूर्वी मोजलेल्या ओलाव्याची नोंद महाराष्ट्र सागरी मंडळाने तपासणीच्या वेळी मागावी.

– एक प्रवासी, अलिबाग