मीटर बसले, वाचणार कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धरणांचे पाणी शहराला किती आणि शेतीला किती हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचे दिवस आले की पुण्यात दरवर्षी तोच वाद रंगतो. महापालिका वर्षाला वीस टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी मागते, जलसंपदा विभाग मंजूर कोट्यावर बोट ठेवतो आणि तिकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी आपल्या आवर्तनाच्या, म्हणजे कालव्यातून ठरावीक पाळीने सुटणाऱ्या पाण्याच्या, काळजीत पडतो. लोकसंख्येचे आकडे जो तो आपल्या सोयीने मांडतो. शहरात आलेले पाणी पुढे गेले कुठे, तो आकडा मात्र बैठकीत येत नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. शहरातली गळती चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे महापालिकाच वर्षानुवर्षे सांगत आली आहे. वीसचे चाळीस टक्के म्हणजे आठ. टेमघरची क्षमता ३.७१ टीएमसी; म्हणजे दोन टेमघर भरून वर थोडे उरावे एवढे पाणी झाले. महानगरासाठीचा माणशी रोज १५० लिटरचा सढळ निकष धरला तरी एक टीएमसी पाच लाखांवर लोकांना वर्षभर पुरते. आता हे सगळेच जमिनीत मुरत असेल असे नाही. बेकायदा नळजोड आणि कुठल्याच बिलात न येणारा वापरही त्यातच धरला जातो. पण मुरते किती आणि पळवले जाते किती, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

मोजण्यासाठी पैसे उभे राहिले आहेत. समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात त्याचा थाटात समारंभ झाला. पाणीवाटपासाठी शहराचे १४१ विभाग आखले गेले, टाक्या उभ्या राहिल्या, लाखाच्या वर मीटर बसले. घरगुती पाणीपट्टी मात्र अजून मिळकतकरातूनच जाते. दोन म्हातारी माणसे राहतात तो फ्लॅट आणि पाइप सोडून रोज गाडी धुणारे घर, दोघांची पट्टी ठरते ती घराच्या करपात्र मूल्यावर. काटकसर करणाऱ्याचा एक रुपया वाचत नाही. मीटरने बिल म्हटले की मते जातात, असे राजकीय मंडळी खासगीत म्हणतात. मार्च २०२२ नंतर बराच काळ प्रशासकांचे राज्य होते, त्यांना कुठली मते मागायची होती?

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल हे दोन्ही करून दाखवले. गरजेपुरत्या पाण्याला कमी दर, जास्त वापराला चढता दर. ते गाव केवढे आणि पुणे केवढे, हे मान्य. पण पुण्याचेही १४१ तुकडे पाडले आहेतच की. एकेक तुकडा मलकापूरसारखा हाताळता येईल.

बिलावर एवढ्यात एकमत होत नसेल तर बिल राहू द्या. विभागाच्या तोंडाशी बसवलेला मोठा मीटर पहाटे दोन ते चार या वेळात वाचा. तेव्हा गाव झोपलेले असते. तरी वाहत राहणाऱ्या पाण्यात मोठा वाटा गळतीचा असतो. यात एक अडचण आहे. जिथे दिवसातून काही तासच पाणी सुटते, तिथे सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या मध्यरात्रीही भरत असतात आणि आकडा फसवतो. म्हणून ज्या विभागांत पाणी अखंड येते तिथून सुरुवात करावी. आत किती पाणी सोडले आणि ग्राहकांच्या मीटरवर किती नोंदले, याचा विभागवार तक्ता दर महिन्याला प्रसिद्ध करावा. त्याला नवीन निविदा लागत नाही.

तसेच मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पाणी उपसा केंद्रातून) वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी कालव्यात सोडायचे ठरलेले आहे. प्रत्यक्षात किती सोडले आणि त्याचा दर्जा काय होता, हेही त्याच तक्त्यात यावे.

कोट्याची पुढची मागणी करताना महापालिकेने हा तक्ता सोबत जोडावा, आणि तो नसेल तर समितीने मागणी विचारातच घेऊ नये. जलसंपदा विभागानेही नवा मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून इंदापूरपर्यंत पोहोचेतो वाटेत किती पाणी गमावतो, त्याचा हिशोब त्याच बैठकीत ठेवावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे