काहीच न घडलेल्या हिवाळ्याबद्दल

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते आमच्या लेकीच्या तोंडून जर्मनमध्ये ऐकावं लागेल. कौतुकाची वाक्यं ती बहुधा गाळेल. तुम्हाला ती खपत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितेय, कारण नोकरीनिमित्त इकडे येणारी आपली माणसं फोनवर हमखास विचारतात, "डोंगरातल्या गावात हिवाळा कसा निभतो गं?" मी सांगायला लागले की दर दुसऱ्या वाक्यात 'समोरचे आजोबा' येतात. म्हटलं, एकदा चारचौघांत लिहूनच टाकावं.

या मंडळींसाठी आधी गावाबद्दल थोडं. रेकिंगेन हे स्वित्झर्लंडच्या व्हॅलेस प्रांतात, गोम्स खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्याही वर आहे. नवरा इथून फिस्पच्या औषध कारखान्यात जातो, लाल रंगाच्या मीटरगेज गाडीने. खोऱ्याच्या वरच्या टोकाला फुर्का, ग्रिम्सेल आणि नुफेनेन असे तीन घाट आहेत, तिन्ही २००० मीटरच्या वर. हिवाळा लागला की तिन्ही बंद होतात, ते थेट मे-जूनपर्यंत. मग पलीकडे जायचं तर मोटार ओबरवाल्डला आगगाडीवर चढवायची आणि १५ किलोमीटरहून लांब बोगद्यातून रेआल्पला उतरवायची. नोव्हेंबरात डोंगर चढणारे परत गेलेले असतात, स्कीवाले अजून यायचे असतात, बऱ्याच हॉटेलांना कुलपं. बाहेरच्याला वाटतं, गाव झोपलंय. गावात मात्र तेव्हाच लगीनघाई असते.

आणि तुमची घाई तर त्याच्याही आधी सुरू होते. आम्ही राहायला आलो त्या उन्हाळ्यात तुम्ही नमस्कार-चमत्कार उरकून थेट आमच्या वळचणीला रचलेल्या सरपणाकडे गेलात. दोन ओंडके एकमेकांवर आपटून आवाज ऐकलात आणि म्हणालात, हे पुढच्याच्या पुढच्या वर्षी जाळायचं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, धुराड्यात काजळी धरतं. लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून दोन वर्षं वाळावं लागतं. तेव्हा मला हे सगळं नवीन. दुसऱ्या दिवशी तुमची वाळलेली लाकडं आमच्याकडे आली आणि आमची ओली तुमच्याकडे गेली. एक स्टेर (म्हणजे घनमीटरभर रचलेलं लाकूड) दिलं, एक स्टेर घेतलं, फिटंफाट, असा हिशेब तुम्ही मांडलात. आजोबा, त्या हिशेबात दोन वर्षांचं ऊन-वारं तुम्ही धरलंच नव्हतं, हे मला पुढे कळलं. आता त्याबद्दल भांडायला उशीर झालाय.

मग शेगडी. आमच्या बैठकीतली ती गिल्टश्टाइनची, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाची भलीमोठी शेगडी मी आधी शोभेची वस्तू समजत होते. अंगावर साल कोरलेलं, वर नक्षी. तिच्यात सारखा जाळ घालायचा नसतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढंच. दगड तापला की तासन्‌तास ऊब सोडत राहतो. जाळ लावायचा तो वरून: मोठी लाकडं खाली, बारीक ढलप्या माथ्यावर, काडी तिथेच ओढायची. चूल खालून पेटवत आलेल्या घराण्यातली मी, मला ते उफराटंच वाटलं. पण वरून पेटवलं की धूर कमी होतो, हे तुम्ही वाद न घालता अंगणात नेऊन धुराड्याकडे बोट दाखवून पटवलंत.

बाकीची कामं तुम्ही जाता-येता करून घेतलीत. बागेतला नळ आतून बंद करून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतो. गाडीला हिवाळी टायर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. वाटेच्या कडेला उंच काठ्या रोवायच्या, म्हणजे बर्फ हटवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला बागेची हद्द कळते. आणि थंडीत उन्हाचा दिवस उजाडला की छपराखाली उभं राहायचं नाही, वरून अख्खा थर सुटतो. हे शेवटचं तुम्ही मला नाही, लेकीला सांगितलंत. बरं केलंत, ती माझं ऐकत नाही.

दिवाळीचं तर लिहायलाच हवं. आकाशकंदील सज्जात लावताना तुम्ही खालून विचारलंत, आत ज्योत आहे का? बल्ब आहे म्हटल्यावर तार घेऊन वर आलात आणि दक्षिणेकडून येणाऱ्या त्या उष्ण, कोरड्या फ्योन वाऱ्यात टिकेल असा बांधून दिलात. पणत्या मात्र लाकडी कठड्यावरून उचलून दगडी पायऱ्यांवर मांडायला लावल्यात. खोऱ्यात वरच्या अंगाचं ओबरगेस्टेल्न १८६८ साली जळालं आणि नंतर दगडात पुन्हा बांधलं गेलं, एवढंच सांगितलंत. काळपट लाकडी घरांच्या या खोऱ्यात ते गाव वेगळं का दिसतं, ते मला तेव्हा उलगडलं. पायऱ्यांवर पणत्या दिसतातही जास्त छान.

तुमची रेल्वेतली नोकरी संपली तरी शरद ऋतूत तुम्ही वाफेच्या गाडीच्या स्वयंसेवकांबरोबर फुर्काच्या पलीकडे जाता. गेल्या वर्षी लेकीलाही नेलंत, श्टेफेनबाखचा पूल दाखवायला. १९२५ सालचा तो पूल दर वर्षी हिवाळ्याआधी दुमडून ठेवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा उलगडतात, कारण त्या घळीतून हिमकडे कोसळतात. तिथला आधीचा पक्का दगडी पूल हिमाने असाच वाहून नेला होता. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, आजोबा पूल घडी करतात."

आणि एक गोष्ट, जी मी तुम्हाला कधी विचारली नाही. २४ फेब्रुवारी १९७० च्या पहाटे याच गावावर हिमकडा कोसळला, ३० माणसं गेली. तुम्ही तेव्हा शाळकरी होतात. त्या दिवसाबद्दल तुम्ही आमच्याशी एक वाक्य बोललात आणि लगेच टेबलावर गावचा धोक्याचा नकाशा पसरलात: लाल, निळा, पिवळा. लाल पट्ट्यात नवं घर बांधायला बंदी. आमचं घर रंगाबाहेर आहे हे बोट ठेवून दाखवलंत. शिवाय हिवाळ्यात संध्याकाळी पाचला हिमकड्यांचं पत्रक येतं, ते वाचल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं काही ठरवायचं नाही, असंही बजावलंत. आता पाच वाजले की नवरा गाडीतून आधी ते वाचतो, मग मला "भाजी काय आणू" विचारतो.

तर आजोबा, गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे काहीच घडलं नाही. नळ फुटला नाही, धुराडं पेटलं नाही, कुणी छपराखाली सापडलं नाही, खोली एकदाही गार पडली नाही. अशा गोष्टीचे आभार कुणी मानत नाही, कारण दाखवायला हातात काही नसतं. अडचणीत धावून आलेल्याचं नाव सगळे घेतात. तुम्ही आमच्या अडचणीच्या कितीतरी आधी येऊन गेलात, म्हणून हे पत्र.

शनिवारी जंगलातून लाकडं येणार आहेत. आठ वाजता आम्ही तिघं हातमोजे घालून दारात असू. उतरवायची, फोडायची, रचायची, आणि या खेपेला ओंडके आपटून आवाज मी ऐकणार. जेवण आमच्याकडे. तुमचा तो बटाटा, लीक, सफरचंद आणि चीज भरून भाजलेला पाय (pie), ज्याला तुम्ही लोक खुशाल कॉलरा म्हणता, तो पुढच्या वेळी. मी थालीपिठं लावतेय. तिखट कमी घालणार नाही. गेल्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं तरी तुम्ही दुसरं मागून घेतलं होतंत.

आपली,
समोरच्या घरातली सूनबाई